आमच्या पेपरचा खरा वाचक

आमच्या संशोधन संस्थेच्या संचालक सरांना सकाळी आधी आकडा लागतो, मग चहा. हा आकडा म्हणजे आमच्या पेपरची, म्हणजे छापून आलेल्या शोधनिबंधाची, जगात किती चर्चा झाली त्याचं माप. कुणी लिंक पुढे पाठवली, कुणी बातमी केली, कुणी दोन ओळी खरडल्या, की तो वर सरकतो. शिव्या घातल्या तरी सरकतो. मागे एकानं 'निव्वळ कचरा' असं लिहिलं आणि आकडा वाढला, तेव्हा सरांचा चेहरा असा फुलला की जणू जावयानं घर बांधलं. निर्लज्जम् सदासुखी म्हणतात ते उगाच नाही.

पेपर जनुकांवरचा आहे, आणि काम चोख आहे, कारण ते मी केलंय. काही मुलं धावताधावता कोसळतात आणि उठत नाहीत. स्वस्थ पडलेल्या मुलाच्या हृदयाचा आलेख काढला तर तो स्वच्छ येतो, दोष जनुकात असतो. अशा घरांमधल्या माणसांनी आम्हाला रक्त दिलं. त्यातली एक आई मला चांगली आठवते. तिचा थोरला मुलगा असाच शाळेच्या मैदानावर कोसळून गेला. रक्त काढताना धाकटी लेक टेबलाभोवती गरागरा फिरत होती. आई म्हणाली, हिला घरात भिंगरीच म्हणतात, शाळेच्या संघातून पळते. डॉक्टरांनी आलेख पाहून हिला पळायला हरकत नाही म्हटलंय.

भिंगरीच्या रक्तात तोच दोष निघाला. रोज एक गोळी घ्यायची आणि शर्यती बंद करायच्या, एवढं केलं तर अशी मुलं म्हातारी होतात. हे आम्हाला हिवाळ्यात कळलं. मी सरांकडे गेले. पेपर छापून येईपर्यंत निकाल बाहेर जाणार नाही, म्हणाले. पेपर आला. मग म्हणाले, आधी समुपदेशक नेमू, त्याशिवाय असं काही सांगणं बरं दिसत नाही. समुपदेशकाची फाइल त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडली होती. मी विचारत राहिले आणि ते बघू म्हणत राहिले. सहीशिवाय निकाल बाहेर काढला तर नोकरी जाईल हे मला माहीत होतं, आणि मी नोकरी सांभाळली. सरांचा राग येतो तितकाच मला याचाही येतो.

मग आकडा अडकला. काही केल्या हलेना. सरांनी बैठक घेतली आणि सगळ्यांनी नातेवाइकांना लिंक पाठवा असं फर्मान काढलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांना रक्त देणारी घरं आठवली. त्यांना आपुलकी असते, ते नक्की उघडतील, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना निकाल सांगायला फुरसत नाही, त्यांच्याकडे टिचक्या मागायच्या? याला मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, असं मी सगळ्यांसमोर बोलले. सर हसले आणि मला शांत व्हायला सांगितलं. लिंक पाठवायचं काम प्रसिद्धी विभागातल्या मुलीकडे होतं. तिला आम्ही आकडेबाई म्हणतो. बिचारीनं नंबर काढले आणि सगळ्यांना लिंक धाडली.

आज सकाळी पुन्हा बैठक होती. पडदा लावलेला, सर खुशीत. आकडेबाईनं आमच्या साइटवरची मोजणी दाखवली. बहुतेक लोक पान उघडून लगेच पळाले होते, पण काल एक वाचक तब्बल दीड तास थांबला होता. पुन्हा पुन्हा एकाच आकृतीकडे येत होता. सर खुर्चीतून उठले. हाच आपला खरा वाचक, म्हणाले, हे वार्षिक अहवालात घ्या.

आकृती कोणती ते मी पाहिलं. घरांच्या वंशावळी होत्या. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे वर्तुळ, दोष असेल तर काळं भरलेलं, माणूस गेला असेल तर वर तिरकी रेघ. खाली वय, आणि कोसळला ती जागा.

माझा फोन थरथरला. मी बाहेर गेले.

"ताई, मी भिंगरीची आई," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "काल तुमचं ते आलं. एकेक शब्द शोधून वाचलं. रेघ मारलेला चौकोन माझा मुलगा आहे. त्याच्या शेजारचं काळं वर्तुळ भिंगरी आहे का?"

"हो," मी म्हणाले. "आज तिला पळू देऊ नका."

"आज शर्यत आहे तिची. बूट घालून दारात उभी आहे, रडतेय. मी कडी काढलेली नाही."

गोळीचं नाव आणि तिनं आजच गाठायच्या डॉक्टरांचं नाव मी सांगितलं, तिनं ते लिहून घेतलं. मग मी आत आले, फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

"तुमचा खरा वाचक," मी म्हणाले. "बोला."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही जागा नव्हे, असं काहीतरी पुटपुटले. फोनमधून तिनं विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं? आकडेबाई रडायला लागली होती.

"हिवाळ्यापासून," मी म्हणाले.



"हिवाळ्यापासून ती प्रत्येक शर्यत पळलीये," आई म्हणाली. "आणि मी दर वेळी रेषेपाशी उभी राहून ओरडत होते, अजून जोरात पळ म्हणून."