मधोमध कापलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. मधली तीन वर्षे मात्र मी दोन अर्धे बाक होतो. हसू नका, आधी ऐका.

मला एका सुताराने चर्चसाठी घडवले. दोन्ही टोकांना दोन-दोन पाय आणि वर सहा जण ऐसपैस बसतील अशी फळी. तो देवाघरी गेल्यावर त्याची बायको दर रविवारी माझ्या मधोमध बसे. एका बाजूला थोरला मुलगा, बापासारखाच सुतार. दुसऱ्या बाजूला धाकटा, बेकरीवाला. तिघेही बेसूर, पण गात मनापासून. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

मग धाकट्याला मुलगी झाली आणि बाप्तिस्म्यावरून दोघांची जुंपली.

"कळत्या वयात पाण्यात पुरतं बुडवायचं, तोच खरा बाप्तिस्मा!" थोरला म्हणे.

"तान्ह्या बाळाच्या कपाळावर तीन थेंब पुरतात, दादा. देव काय बादल्या मोजत बसलाय?" धाकटा म्हणे.

चर्चच्या पाळकसाहेबांनी परोपरीने समजावले, पण मंडळी दुभंगलीच. थेंबवाले जुन्या जागेत राहिले आणि बुडवणाऱ्यांनी समोरचे गोदाम घेतले. सामानाची वाटणी झाली, मी एकटा उरलो. कुणावर अन्याय नको म्हणून थोरल्याने तीनदा माप घेतले आणि मला बरोबर मधोमध कापले.

एवढा कसबी सुतार, पण रागाच्या भरात माझे पायच विसरला! आता प्रत्येक अर्ध्याला एकाच टोकाला पाय. गोदामात माझे लंगडे टोक विटांवर टेकवले, चर्चमध्ये पिठाच्या डब्यावर. एकदा नम्रतेवर उपदेश चालू असताना विटा सरकल्या आणि गोदामातले तीन वडीलधारे जमिनीवर आले. थेंबवाले पोट धरून हसले. पुढच्या रविवारी डबा चेपला, तेव्हा त्यांचेही हसू आटले.

आईने मात्र दोन्हीकडे जाणे सोडले.

"माझी जागा मधोमध होती," ती म्हणाली. "तिथं तुम्ही करवत चालवलीत. आता मी काय हवेत बसू?"

चाळीस वर्षांत एकही रविवार न चुकवलेली ती बाई घरी एकटीच गाऊ लागली. माझ्या दोन्ही अर्ध्यांना त्याचे फार वाईट वाटे.

शेवटी एका रविवारी दोघे भाऊ एकाच वेळी तिच्या दारात उगवले. आपल्याकडचा बाक कसा ऐसपैस आहे हे दाखवायला दोघांनी आपापला अर्धा खांद्यावरून आणला होता. विटा आणि डबा आणायला मात्र दोघेही विसरले.

"जोडून धरा," आई म्हणाली. त्यांनी कापलेली टोके भिडवून हातांवर तोलली. ती निवांत मधोमध बसली. "हं, आता करा प्रार्थना."

जो हात सोडेल तो आईला पाडेल, अशी पंचाईत झाली.

"प्रभू, माझ्या वाट चुकलेल्या भावाला..." थोरल्याने सुरुवात केली.

"हात हलतोय रे तुझा," आई म्हणाली.

त्याने पकड घट्ट केली. मग हळूच म्हणाला, "प्रभू, आम्हा दोघांना सांभाळ."

"आमेन, दादा," धाकटा म्हणाला आणि दोघांनाही रडू फुटले. नाक पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून आईनेच आपल्या रुमालाने दोघांची नाके पुसली.

आता माझ्या पोटाखाली लोखंडी पट्ट्या आहेत. एक रविवार मी चर्चमध्ये असतो, एक रविवार गोदामात, आणि आई माझ्याबरोबर असते. पाण्यावरून दोघे भाऊ अजूनही भांडतात, पण माझ्यावर बसून.

मित्रांनो, मते जुळली नाहीत तर खुशाल वाद घाला. फक्त करवत उचलण्याआधी मधे कोण बसले आहे, तेवढे पाहा.