ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो कुणी मोडलेला मला खपत नाही. पवनचक्कीच्या मनोऱ्यात शिरण्याआधी खालच्या मेन स्विचवर प्रत्येकाने आपापलं लाल कुलूप लावायचं. कुलुपाला आपला फोटो अडकवलेला असतो आणि किल्ली आपल्याच खिशात. स्विच बंद म्हणजे चक्की बंद, मग आत काम करताना कुणाचा हात चिरडत नाही. कुलूप दिसलं की माणूस आत आहे असंच धरायचं. आणि ते ज्याचं त्यानेच काढायचं. दुसऱ्याने नाही, साहेबाने नाही, खुद्द देव आला तरी त्याने नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाचं डोकं मी याच्यावरून इतकं खाल्लंय की माझ्यामागे सगळे मला कुलूपताई म्हणतात. म्हणू देत.

माझ्या धाकट्या भावालाही मीच हे शिकवलं. लहानपणी तो दारं, कपाटं, पाण्याची टाकी, दिसेल त्यावर चढायचा. साखरेचा डबा कितीही उंच ठेवला तरी हा पोचलेलाच. म्हणून घरात त्याला मुंगळा म्हणत. पुढे त्याने शिडी चढायचाच धंदा पत्करला आणि नेमका माझ्या टोळीत येऊन पडला. घरी मी थोरली बहीण आणि कामावर मुकादम. आपल्याला या जन्मात सुटका नाही, असं तो येईल त्याला सांगायचा.

आमचे वडील कोळशाच्या वीजकेंद्रात होते. आई दोरीवरचे वाळलेले कपडे काढून पुन्हा विसळायची, कारण वाळेपर्यंत त्यांच्यावर काळी पूड बसलेली असायची. वडील खोकत खोकतच गेले. मुंगळा यावर कधी भाषण द्यायचा नाही, पण एखादी चक्की दुरुस्त करून उतरला की हात पुसत म्हणायचा, "चला, तिकडचं धुराडं आज जरा कमी खोकेल." दर वेळी हेच. दुसरं काही सुचत नाही का तुला, असं मी त्याला विचारायचे. पण मलाही ते ऐकायला आवडायचं, हे आता कुणाला सांगू?

त्या दिवशी तो टेकडीवरच्या शेवटच्या चक्कीत होता. मनोऱ्याच्या डोक्यावर यंत्राची खोली असते, तिथले बोल्ट आवळायचं काम. जोडीला लांब्या होता. लांब्या चांगलाच बुटका आहे, आमच्याकडे नावं अशीच पडतात. दुपारी मुंगळा त्याला म्हणाला की पित्त खवळलंय, छातीत जळजळतंय, उरलेलं उद्या करू. काम अर्धवट असताना चक्की सुरू होता कामा नये, म्हणून नियमाप्रमाणे त्याने आपलं कुलूप तसंच ठेवलं. लांब्याला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं, त्याने स्वतःचं काढून घेतलं. मग मुंगळा घरी गेला.

मी तेव्हा कार्यालयात होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भावजयीचा फोन आला. हे खुर्चीत बसलेत आणि बोलत नाहीयेत, असं ती म्हणाली. मी समोरच्या पडद्यावर बघितलं. शेवटची चक्की बंद, तिच्यापुढे मुंगळ्याच्या कुलपाची खूण. मी म्हणाले, "अगं काहीतरीच काय, तो वर आहे. कुलूप आहे ना त्याचं." ती पुन्हा म्हणाली, इथे खुर्चीत आहेत. मीही पुन्हा म्हणाले की तो वर आहे. सख्खा भाऊ घरात गेलेला आणि बहीण पडद्यात बघून तो कामावर असल्याचं सांगतेय. असली चूक आमच्या धंद्यातलीच माणसं करू जाणोत. डॉक्टर म्हणाले, तिने फोन उचलण्याआधीच सगळं संपलं होतं.

पुढचं सगळं पार पडलं. माणसं आली, बसली, गेली. मी कामावर परतले. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं. लांब्याने दुसऱ्या एकाला घेऊन स्वतःचं कुलूप लावलं, वर जाऊन उरलेले बोल्ट आवळले आणि खाली येऊन ते काढलं. मुंगळ्याचं तेवढं राहिलं. वाऱ्याचे दिवस होते. टेकडीवर सगळ्या चक्क्या गरगरत होत्या आणि शेवटची तेवढी रुसल्यासारखी उभी. लांब्या तिच्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. कुलुपावरच्या फोटोत मुंगळा हसत होता. फोटो काढताना हसू नकोस असं मी बजावलं होतं, म्हणून मुद्दाम हसलेला.

आमचे साहेब वयाने लहान आणि स्वभावाने मऊ. त्यांनी बरेच दिवस विषय काढला नाही. शेवटी मला आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले की वरून रोज विचारणा होते. ही चक्की थांबली की तेवढी वीज तिकडे कोळसा जाळून करावी लागते. "तुमच्या भावालाच हे आवडलं नसतं, ताई." मला असा राग आला की ग्लास भिरकावावासा वाटला. माणूस चुकीचं बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. हे खरं बोलत होते.

किल्ली वहिनींकडे असेल ना, ती आणून उघडून टाकू, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते, हे तुम्हाला मी शिकवायचं का? मालक येऊ शकत नसेल तर कुलूप कापायचं, पण त्याचीही रीत आहे. आधी मनोरा चढायचा. प्रत्येक मजल्यावर थांबून मालकाला हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. मग त्याच्या फोनवर फोन लावायचा. तो नाही मिळाला तर त्याच्याबरोबर जो शेवटी होता, त्याच्या तोंडून ऐकायचं की मालक आत नाही. त्याशिवाय कातरीला हात लावायचा नाही. साहेब हळूच म्हणाले, "ताई, तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे." मी म्हटलं, सगळ्यांनी सांगून चालत नाही. शेवटी त्याच्याबरोबर भावजय होती, तिने सांगायला हवं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. त्यांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळ्या चक्क्या दिसतात. ती ओट्याशी उभी होती आणि खिडकीकडे बघत वाटाणे सोलत होती. सालं भांड्यात आणि वाटाणे कचऱ्यात जात होते. मी भांडं आणि कचऱ्याचं ताट यांच्या जागा बदलल्या. खिडकीच्या कट्ट्यावर मुंगळ्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि शेजारी ती छोटी किल्ली.

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली की मी कशासाठी आले हे तिला माहीत आहे, लांब्याच्या बायकोने सांगितलं. मग ती बोलायला लागली. मुंगळा लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला खिडकीशी घेऊन आला होता म्हणे. म्हणाला, जी चक्की थांबलेली दिसेल तिच्यात मी आहे, फिरायला लागली की समज, मी उतरलो, आता घरी निघालो. तेव्हापासून ती रोज तसंच करायची. चक्की फिरली की गॅस पेटवायचा.

"मी वेडी नाहीये, वन्सं," ती म्हणाली. "खुर्चीतून यांना मीच खाली घेतलं. मला सगळं कळतं. पण सकाळी उठून इथे आले की ती थांबलेली दिसते, आणि वाटतं, काम चाललंय. उशीर होतोय, एवढंच. ती फिरली म्हणजे हे निघाले. आणि निघाले तर यायला हवेत ना?"

मी तिच्या शेजारी उभी राहून वाटाणे सोलले. मग तिला रीत समजावून सांगितली. किल्ली मला नको, ती तुझीच. उद्या सकाळी मी वर चढेन, हाका मारेन, खाली येऊन त्याच्या फोनवर फोन करेन. उचलायचा की नाही ते तू ठरव. "तू उचलला नाहीस तर मी कातर परत ठेवून देईन," मी म्हटलं. "साहेबांचं मी बघते."

मी निघाले तेव्हा ती पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती.

सकाळी वारा मस्त होता. लांब्याने माझे पट्टे तपासले, मी त्याचे तपासले. मी मुंगळ्याच्या कुलपाशेजारी माझं कुलूप लावलं. एका आडव्या पट्टीला दोघांची कुलपं, माझा रागीट फोटो आणि त्याचा हसरा. लांब्या म्हणाला की मी येतो बरोबर. मी म्हटलं, तू खाली थांब.

मनोऱ्यात शिरलं की बाहेरचा वारा ऐकू येत नाही, नुसता पोलादाचा घुमणारा आवाज. पहिल्या मजल्यावर पोचून मी थांबले. हाक मारायला तोंड उघडलं आणि मला कळेना की काय म्हणून मारू. नियमात पूर्ण नाव घ्यायचं असतं. ते नाव मी शाळेच्या दाखल्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "मुंगळ्या." आवाज वरपर्यंत गेला आणि परत आला. नियमाप्रमाणे थांबले.

दुसऱ्या मजल्यावर जोरात मारली. तिसऱ्यावर त्याहून जोरात. आईने दिवेलागणीला सांगितलं की मी याला अशाच हाका मारत गल्लीभर फिरायचे आणि हा कुठल्यातरी भिंतीवर बसून, मुद्दाम गप्प राहून गंमत बघायचा. सापडला की मी त्याचा कान पिळायचे. मी शिडी चढत गेले आणि मनात म्हणत गेले, मुंगळ्या, ही गंमत असेल तर आता पुरे, कान पिळणार नाही, ओ दे.

वरच्या खोलीत कुणी नव्हतं. त्याची पाण्याची बाटली राहिली होती, लांब्याने तिला हात लावला नव्हता. मी तिथेही हाक मारली. थांबले. नियमापेक्षा खूप जास्त थांबले. मग बाटली पिशवीत घातली आणि उतरले.

खाली साहेब आणि सगळी टोळी येऊन उभी होती. मी आधी माझं कुलूप काढलं. मग फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा लावावा असं नियमात नाही, पण मी पुन्हा लावला.

या वेळी उचलला गेला.

"हाका मारल्यात, वन्सं?"

"मारल्या. प्रत्येक मजल्यावर."

"काय म्हणून?"

"मुंगळ्या म्हणून."

ती जराशी हसली की रडली ते कळलं नाही. "ओ दिली?"

"नाही गं."

पुढचं वाक्य मी शेकडो जणांकडून पाठ करून घेतलंय. ते मला बोलता येईना. लांब्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी विचारलं, "कुलुपाचा मालक आत आहे का?"

मला वाटलं, फोन ठेवला तिने. ठेवला असता तर मला बरंच वाटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "हे आत नाहीत. कापा तुम्ही."

मी फोन चालू ठेवूनच लांब्याच्या हातात दिला. कातर मीच धरली. एका दाबात कुलूप तुटलं. फोटो मी खिशात ठेवला आणि स्विच वर केला. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग वर कुठेतरी कुरकुर झाली, डोकं वाऱ्याकडे वळलं आणि पाती सावकाश फिरायला लागली. साहेबांनी कुणाला तरी चालू झाल्याचं कळवलं आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले.

मी फोन परत कानाला लावला.

"फिरतेय," ती म्हणाली. खिडकीतून बघत होती. "मी गॅसपाशी गेले होते, वन्सं. सवयीने. आता कुणाची वाट बघू?"

"माझी बघ," मी म्हटलं. "मी निघालेच."

पण निघाले नाही. मी मनोऱ्याच्या दारात पायरीवर बसले आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्या टोळीदेखत, मोठमोठ्याने रडले. फोन तसाच चालू होता. ती पलीकडून मला म्हणत होती, सावकाश या, वन्सं, मी आहे इथे.