पाहुण्यांची साय, नातवाचा चहा

सांगिनच्या घरी पाहुणे आले की जेवणाचा दस्तरखान अंथरला जाई आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्यावर येई. ताजिक माणसाची अब्रू तिथेच मोजतात. त्या दिवशीही मटण, उकडलेली अंडी आणि वाडगाभर साय मांडली होती. चार धष्टपुष्ट पाहुणे बोटं चाटत होते. एकाच्या हनुवटीवरून चरबी ओघळली, ती त्यानं दाढीतच जिरवली. सांगिन कृतार्थ झाला.

दाराशी सून सफरगुल आपल्या दोन वर्षांच्या मुलाला, शोदीला, काळ्या चहात भिजवलेला नान भरवत होती. पोराचं पोट नगाऱ्यासारखं, पाय काड्यांसारखे. अजून उभा राहत नव्हता. चहाचा तपकिरी ओघळ गळ्यापर्यंत आला होता.

"हे काय भरवतेस गं?" सकाळीच गावाहून आलेली सांगिनची थोरली बहीण ओयजमोल म्हणाली.

"चहानं ऊब राहते, आत्याबाई."

"आणि दूध?"

"साय पाहुण्यांना. खालचं वासराला."

"वासरू नशीबवान म्हणायचं!"

सांगिन दबक्या आवाजात खेकसला, "ताई, लोकांसमोर शोभा नको. अंड्यासायीनं पोराची जीभ जड होते, बोलायला उशीर लागतो."

"मग हा बोलतो का रे?"

"...नाही अजून."

"म्हणजे अंडं न खाताच मुका! वा!"

ओयजमोलनं पोराला उचललं आणि थेट पाहुण्यांच्या मधोमध, मानाच्या जागी बसवलं. "पाहुण्याचा मान मोठा ना? मग हा बघ पाहुणा. चहावर ठेवलास तर फार दिवस मुक्काम करायचा नाही!"

चघळणारी तोंडं थांबली. सांगिननं अंड्याचा बलक सायीत कालवून बोटानं नातवाच्या तोंडात घातला. पोरानं ते बोटच घट्ट धरलं, चोखून कोरडं केलं आणि पुन्हा आ वासला. सांगिनला शिसारी आली. पाहुण्यांची नव्हे, स्वतःच्या थाटाची!

त्यानं एका पाहुण्याच्या पुढ्यातून सायीचा वाडगा ओढून घेतला. "माफ करा. या घरात यापुढे पहिला वाटा याचा!"

पाहुण्याचा हात हवेतच राहिला.

मंडळी, दारिद्र्यानं मुलं सुकतात, त्याचा जाब सरकारला विचारूच. पण दूध-अंडी घरात असूनही लेकरू सुकतं, ते 'लोक काय म्हणतील' या भीतीपायी आणि कुणी न तपासलेल्या समजुतींपायी. तिथे जाब आपणच द्यायचा. पहिला घास लेकराला द्या. सायीवाचून पाहुणा दगावल्याचं अजून ऐकिवात नाही!