उजवीकडे उघडणारं चाक

हात टेकवून बघा, मी गारच लागेन. पंपघराच्या भिंतीलगत, कमरेएवढ्या उंचीवर बसलेलं लोखंडी चाक बोलतोय मी. दवाखान्याकडे जाणाऱ्या जुन्या पाइपवर माझी नेमणूक आहे. मला फिरवलं की आतली झडप उचलली जाते आणि पाणी पुढे जातं. माझं काम एवढंच, पण एका सकाळी त्यावर सहा माणसांचा जीव टांगणीला लागला होता.

मी ओतशाळेत जन्मलो. माझ्या दांड्याचे आटे कुणीतरी उलटे पाडले. चूक कारागिराची की नकाशा काढणाऱ्याची, देव जाणे. बाकीची चाकं डावीकडे फिरवली की उघडतात, मी उजवीकडे. नवा माणूस यायचा, माझ्याशी झोंबायचा, घामाघूम व्हायचा आणि मला आणखी घट्ट करून ठेवायचा. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटायची.

माझी खोड ओळखली ती एकट्या वंगणकाकांनी. डबा सदैव हातात, म्हणून हे नाव. दर सोमवारी ते माझ्या आट्यांना वंगण लावायचे आणि काम असो नसो, सव्वीस फेरे उघडून सव्वीस फेरे बंद करायचे. घरी न बोललेलं बरंचसं माझ्याशी बोलायचे. त्यांची मुलगी स्टुलावर बसून, पुस्तकात डोकं खुपसून अभ्यास करायची. पुढे ती इंजिनियर होऊन याच पंपघरात आली.

तिच्याबरोबरच संगणकाचा पडदा आला. समुद्रापलीकडच्या कंपनीने शेजारून नवा पाइप टाकला, त्यावर मोटरची झडप बसवली, झडपेला पेटी घातली आणि पेटीला सील ठोकलं. सगळा कारभार पडद्यावरून. मी नाक मुरडलं, पण खरं ते खरं. गळती मिनिटात सापडू लागली. टेकडीवरच्या वस्तीला पहिल्यांदा भरपूर पाणी मिळालं आणि तिथल्या पोरींची हंडे वाहताना बुडणारी शाळा वाचली. हे मला कधीच जमलं नव्हतं.

काका निवृत्त झाले त्या दिवशी मुलीने मला लालभडक रंग दिला. अगदी आट्यांसकट.

"आट्यांवर रंग नको गं," काका म्हणाले.

"बाबा, आता याला फिरवणार कोण? दिसू दे की छान."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. तिने ते मायेने केलं होतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. रंग वाळला आणि मी बंद होतो तसाच जागच्या जागी चिकटलो. पाच वर्षं कुणी हात लावला नाही.

मग ती सकाळ उजाडली. इथल्या आणि कंपनीच्या देशातल्या सरकारांचं कशावरून तरी फाटलं होतं. पडद्यावर एक ओळ आली, 'आपल्या भागातील सेवा पुढील सूचनेपर्यंत बंद', आणि मोटरची झडप आपोआप मिटली. पूर्वी गाव वेठीला धरायला फौज लागायची.

तिने कंपनीला फोन लावला. तक्रार नोंदवली आहे, असं एक गोड आवाज सांगत राहिला. मग दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. किडनीच्या मशीनवर सहा जण होते आणि टाकीत चाळीस मिनिटांचं पाणी. मधेच उतरवलं तर दोघांना ते सोसणार नव्हतं. त्या दोघांत एक वंगणकाका होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पंपघराचे साहेब धावत आले. "हात लावू नका. करार मोडेल. आधी वरून परवानगी येऊ द्या."

"दवाखान्यात माझे बाबा आहेत, साहेब," एवढंच ती म्हणाली आणि मला भिडली. डावीकडे. सगळ्या अंगाचा जोर लावून डावीकडे. मी घट्ट होत गेलो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लोखंडाला तोंड कुठलं? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खोडीची लाज वाटली. दहा मिनिटं गेली, तिचे तळवे सोलले. शेवटी तिने दवाखान्यात फोन लावला. सिस्टरने तो काकांच्या कानाशी धरला.

"बाबा, हलत नाहीये."

"डावीकडे ओढतेयस ना?" आवाज क्षीण होता, पण शांत. "ते उलटं आहे. आधी आट्यांवरचा रंग खरवड. मग उजवीकडे. अर्धा फेरा झाला की थांब, घाई केलीस तर जुना पाइप फुटेल."

तिने पान्याच्या टोकाने रंग खरवडला, रॉकेल ओतलं. नखं रक्ताळली. मी कुरकुरलो, आणि सुटलो. अर्धा फेरा, थांबायचं. पुन्हा अर्धा. फोनवर काका मोजत होते, मधेच त्यांचा आवाज विरायचा आणि ती हाका मारायची. सव्विसावा फेरा झाला तेव्हा दवाखान्याच्या टाकीत चार मिनिटांचं पाणी उरलं होतं. ती माझ्यावर डोकं टेकून रडली.

बाराव्या दिवशी सरकारांचं जमलं, पडदा उजळला आणि तिने मला पुन्हा बंद केलं. सोबत नवा करार आला. त्यातली एक अट अशी की पडद्याला वळसा घालणारी हातचाकं कापून टाकावीत. आज गॅसकटरवाला दारात उभा आहे. साहेबांनी तिच्यासमोर सहीचा कागद ठेवलाय. काका माझा निरोप घ्यायला म्हणून येऊन स्टुलावर बसलेत.

"सही करते," ती म्हणाली. "आधी तुम्ही एकदा याला उघडून दाखवा."

साहेब हसले, बाह्या सरसावल्या आणि मला डावीकडे ओढू लागले. ती हाताची घडी घालून उभी राहिली. साहेबांचा सदरा पाठीला चिकटला.

"उजवीकडे, साहेब," काका हळूच म्हणाले.

माणसांनो, यंत्रं आणा, दूरदेशीची आणा, माझी तक्रार नाही. फक्त घरचं पाणी घरच्या हाताला उघडता आलं पाहिजे, आणि आट्यांवर रंग देऊ नका.

साहेबांनी सव्वीस फेरे पुरे केले. धापा टाकत आपल्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग सहीचा कागद उचलून त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवला.

"काका," त्यांनी विचारलं, "वंगणाचा डबा कुठे ठेवायचात तुम्ही?"