तिसऱ्या खिडकीची वही

स्क्रीन अडकली की लोक आधी माऊसवर राग काढतात. पाच वेळा क्लिक, दहा वेळा क्लिक. अरे बाबा, ते ऐकत नाहीये म्हणूनच अडकलंय ना, मग आणखी टोचून काय उपयोग? माझ्या वहीत मी पहिल्याच पानावर लिहिलंय: ‘स्क्रीन अडकली तर कॉम्प्युटर बंद करू नये, भरलेलं सगळं जातं. आधी कॅप्स लॉक दाबावं. दिवा लागला तर मशीन जिवंत आहे. मग फक्त प्रिंटर बंद करावा, तीसपर्यंत मोजावं, परत चालू करावा. स्क्रीन सुटते.’ आमच्या ऑफिसात दोष नेहमी प्रिंटरचा असतो आणि मार कॉम्प्युटर खातो.

ही वही मी हौसेनं लिहिलेली नाही. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या ऑफिसात तिसऱ्या खिडकीवर मी सहा वर्षं बसतेय. नवरा आणि मुलगी पाच तासांच्या वाटेवर. शनिवारी रात्री पोचते, रविवारी दुपारी परत निघते. मुलगी चौदाची आहे. आठवड्यात तिचा फोन येतो तो असा: “आई, वाय-फाय दिसतंय पण चालत नाही.” मी सांगते, राउटर बंद कर, जरा थांब, चालू कर. “झालं,” म्हणते आणि ठेवून देते. इतरांच्या मुली आईशी भांडतात, माझी माझ्याकडे तक्रार नोंदवते. अजून तीन वर्षांनी ती शिकायला बाहेर जाईल. मग बदली मिळूनही त्या घरात मी कुणासाठी जायचं? नवरा असेल, पण तो मला लग्नाआधीपासून तोंडपाठ आहे.

बदलीसाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा साहेबांनी तो हळुवारपणे खणात ठेवला. “बाई, तुम्ही गेलात तर ते मशीन चालवणार कोण?” माणूस वाईट नाही, म्हणूनच तर भांडता येत नाही. यंदा म्हणाले, “एक माणूस तयार करा, मी सही करतो.”

तो माणूस म्हणजे आमच्याकडे नुकतेच आलेले, पन्नाशीला टेकलेले लिपिक. हळू बोलायचे, त्याहून हळू चालायचे. ऑफिसनं पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव गोगलगाय ठेवलं. पाच आठवडे मी त्यांच्यापुढे डोकं फोडलं. पासवर्ड चालत नाही म्हणून ते अर्धा तास नुसते बसून राहायचे, आणि मी येऊन नम लॉक चालू करायची. अडकलेला कागद उलट्या बाजूनं ओढून फाडायचे. छापायचं बटण चारदा दाबून एकाच बाळाचे चार दाखले काढायचे. “मॅडम, मला डोकंच नाही हो,” असं इतकं गरिबासारखं म्हणायचे की रागावणाऱ्यालाच लाज वाटावी. वही चाळीस पानांची झाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी विसरलेला चष्मा घ्यायला परत आले. खिडकीचा पडदा ओढलेला होता, गोगलगाय एकटेच होते आणि स्क्रीन अडकली होती. त्यांनी बोटांकडे न बघता कॅप्स लॉक दाबलं, दिवा पाहिला, प्रिंटर बंद केला. तीस मोजता मोजता मागचं झाकण उघडून अडकलेला कागद अलगद, सरळ दिशेनं बाहेर काढला. नवा गठ्ठा लावण्याआधी तो फडफडवून पान न् पान मोकळं केलं. हे तर माझ्या वहीतही नव्हतं. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं.

“येतं तुम्हाला,” मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. आधी झाकण लावलं, मग बोलले. “आधीच्या ऑफिसात सगळं यायचं मला. अकरा वर्षं तिथून हलू दिलं नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी फोनवर कुणाला तरी प्रिंटर कसा जोडायचा ते सांगत होतो.” माझा चष्मा टेबलावरून उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. “इथं मी वर्षभरापुरता आहे, मग घराजवळ बदली. मला येतं हे कळलं की संपलं. तुमचं वाईट वाटतं मॅडम, खरंच. पण मी शिकणार नाही.”

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच संताप आला. तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं ओकून टाकलं. चुगली केली, हो. पोरीसाठी केली.

साहेबांचा विश्वास बसला नाही, पण ते म्हणाले, “बघू की. बदल्यांची यादी शुक्रवारी बाराला वर जाते. अकरा ते बारा खिडकी ते सांभाळतील. तुम्ही हात लावायचा नाही. काम अडलं नाही, तर तुमचं नाव यादीत.”

शुक्रवारी मी भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभी राहिले. साहेब शेजारी खुर्ची टाकून बसले, मांडीवर यादी, हातात उघडं पेन. पहिले दोन दाखले कूर्मगतीनं का होईना, पण निघाले. तिसरी एक म्हातारी बाई होती, तिला बहिणीच्या मृत्यूचा दाखला हवा होता. ही तिची तिसरी फेरी. जुन्या, घड्या पडलेल्या कागदावरून तिनं एकेक तपशील अर्धा तास वाचून दाखवला आणि गोगलगाईनं तो एका बोटानं भरला. मग छापायचं बटण दाबलं आणि स्क्रीन अडकली.

बाराला दहा मिनिटं होती. ते माऊस टोचत राहिले. “काय झालं हो?” बाईनं विचारलं. रांगेतून कुणीतरी जोरात सुस्कारा टाकला. मी मनात म्हटलं, करा आता. त्या बाईकडे बघून तरी करा. ते करतील अशी माझी खात्री होती, कारण मी त्यांचे हात बघितले होते.

त्यांचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला. ते दाबलं की बाईचा अर्धा तास गेला, तिसरी फेरी फुकट गेली. हे त्यांनाही ठाऊक होतं. ते दाबणार नाहीत, मी स्वतःला सांगितलं. बोट बटणावर टेकलं. बटणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत अकरा वर्षं होती. माझ्याकडे सहाच.

“थांबा,” मी म्हटलं, तेव्हा माझा हात प्रिंटरपर्यंत पोचलाही होता. तीसपर्यंत मोजलं. स्क्रीन सुटली, दाखला बाहेर आला. मी खुर्चीत कधी बसले ते मला कळलं नाही. त्यांनी ती आधीच रिकामी केली होती.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “राहू द्या बाई,” ते अगदी मायेनं म्हणाले. “उगाच कुणावर आळ घेऊ नये. नाही जमत बिचाऱ्यांना.”

गोगलगाय खाली मान घालून उभे होते. मला ओरडावंसं वाटलं, पण रांग तशीच होती आणि घड्याळात बाराला पाच कमी होते.

म्हाताऱ्या बाईनं दाखला दोनदा वाचला आणि पिशवीत नीट ठेवला. “पुढच्या महिन्यात बहिणीच्या नवऱ्याच्या दाखल्याला यायचंय मला,” ती म्हणाली. “तुम्ही असाल ना इथे?”

“असेन,” मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.