चमच्याचा उपयोग

या, असे जवळ सरका. एका चमच्याची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मन लावून ऐका.

कोरियातल्या छोंग्जू शहरातल्या एका शाळेत प्यो मिन्जाबाईंनी एकशे विसावी उत्तरपत्रिका पालथी ठेवली आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. हुशार मुलांच्या खास वर्गासाठी निवड चालली होती. जागा वीस. शेवटचा प्रश्न कल्पकतेचा: चमच्याचे उपयोग लिहा. नियम असा, की शंभरात पाचांहून कमी मुलं जे लिहितील तेच नवं, त्यालाच गुण.

बाईंनी मोजणीचा तक्ता पुढे ओढला. अँटेना, एकशे नऊ. मुंग्यांची होडी, एकशे चार. बाहुलीचा आरसा, अठ्ठ्याण्णव.

“क्लासवाल्यांनी कल्पकतासुद्धा पाठ करून घेतली की हो.”

“माझ्या भाचीला रविवारी दोन तास कल्पकताच असते,” समोरचे कु सर जांभई देत म्हणाले. “रोजचा उपयोग लिहिलात तर मठ्ठ ठराल, असं बजावलंय पोरांना.”

अडला होता तो सत्त्याऐंशी क्रमांक. तर्काच्या गणितांत अगदी काठावर. इथे दोन गुण मिळाले तर विसावी जागा, नाहीतर घरी. आणि लिहिली होती एकच ओळ: ‘आजीला पेज भरवायला.’

“यात नवं काय, बाई? शून्य द्या आणि सुटा.”

“तक्ता बघा, सर. चमचा खाण्यासाठी असतो, हे लिहिणारं एकशे विसांत हे एकच लेकरू.”

सरांनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नियम आपलाच आहे,” ते म्हणाले. “द्या दोन.”

बाईंनी दोन मांडले. बरं वाटायला हवं होतं. खांदे मात्र तसेच जड राहिले. मोजणी चुकायला नको म्हणून त्यांनी गठ्ठा पुन्हा खिडकीच्या उजेडात चाळला. तेहतिसाव्या पत्रिकेवर बोट थबकलं. ‘अँटेना’खालचा कागद खोडरबरानं झिजला होता. पेन्सिल दाबून लिहिल्याचे चर अजून दिसत होते: ‘भात खायला.’

खोडलेलं उत्तर धरत नाहीत.

“राहिलंय का काही?” सरांनी विचारलं.

“नाही.” बाईंनी ती पत्रिका होती तिथे सरकवली आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

सत्त्याऐंशीचं नाव यादीत लागलं. ते नाव सगळे लक्षात ठेवतील. तुम्ही देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या तेहतीस क्रमांकाच्या लेकराची आठवण ठेवा.