केसभर लांब पुंगळी

मी बोलतेय, काडतुसाची एक पितळी पुंगळी. बंदुकीतून गोळी सुटली की सगळे गोळीमागे बघतात. ती जिच्या तोंडातून सुटते तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मला मात्र सगळ्यांकडे बघायची भारी हौस. माझं तोंड उघडं राहतं ते काही उगीच नाही.

जन्मले तेव्हा मी नाण्याएवढी चकती होते. कारखान्यात मला ओढून ओढून लांब केलं, वरच्या बाजूला चिमटा काढून खांदा आणि मान दिली. बुडाला टोपी बसवली, पोटात दारू भरली, तोंडात गोळी दिली. मग बहिणींबरोबर खोक्यात बसून मी अमेरिकेतल्या मोंटानाच्या या खोऱ्यात आले, गॉर्डी स्विगार्टच्या घरी.

माणसं म्हातारपणी आखडतात म्हणे. आमचं उलटं. बार उडाला की त्याच्या धगीनं आम्ही फुगतो, मग पुन्हा भरायच्या आधी साच्यात घालून आम्हाला आवळलं की पितळ वर सरकतं आणि आमची मान केसभर लांबते. म्हणून शहाणा माणूस दर वेळी मोजतो आणि वाढलेली मान कातरतो. गॉर्डी त्या शहाण्यांतला नव्हता.

“वाढू दे की,” तो म्हणायचा. “पोरं वाढली तर आपण काय त्यांचे पाय कापतो?”

त्याचा साचा सैलच लावलेला असे, म्हणून आमचं सगळ्यांचं खपून गेलं. तशी मी बरीच वर्षं उडत राहिले, लांबत राहिले. पुढे गॉर्डीचं कंबरेचं हाड मोडलं आणि डोंगर चढणं बंद झालं. एक दिवस त्यानं आम्हाला कॉफीच्या डब्यात भरलं आणि कुंपणावरून शेजाऱ्याच्या हातात दिलं. शेजारी म्हणजे ड्वेन टोलफसन.

ड्वेनचं तळघर बघून मी थक्कच झाले. एका बाजूला कामाचं बाकडं, त्यावर दांड्याचं दाबयंत्र, तराजू, लांबी मोजायचं व्हर्नियर आणि मान कातरायचं एक छोटं यंत्र, पेन्सिलीला टोक करायच्या यंत्रासारखं. तो कामाला बसला की रेडिओ बंद. त्याची बायको मार्लिस कॉफी आणायची ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून न बोलता वर जायची. काम संपेपर्यंत ती कॉफी गार होऊन जाई, आणि ड्वेन ती तशीच प्यायचा.

इथल्या माणसांची एक गंमत सांगते. ती एकमेकांना ट्रक देतील, होडी देतील, शिकारीचा कुत्रासुद्धा देतील. पण एकानं घरी भरलेलं काडतूस दुसरा कधी झाडणार नाही. चांगल्या मित्रानं दिलं तरी हसून खिशात टाकतील आणि घरी जाऊन बाजूला ठेवतील. भरणाऱ्याचा हात चुकला तर झाडणाऱ्याचा डोळा जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक. मार्लिस तेवढी वेगळी. शिकार ती करायची आणि लग्न झाल्यापासून ड्वेननं भरलेलीच काडतुसं वापरायची. तिच्या मैत्रिणी चिडवायच्या, “अगं, विमा तरी काढलायस ना?” ती म्हणायची, “त्याचा काढलाय. माझं काही झालं तर मी त्याला सोडते होय?”

त्या शरदात ड्वेननं मला डब्यातून उचललं. व्हर्नियरमध्ये धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, खिडकीपाशी नेलं. चष्मा पुसला. मग व्हर्नियर खाली ठेवून त्यानं मला आपल्या अंगठ्याच्या नखाला लावून बघितलं आणि भरायच्या पुंगळ्यांत ठेवून दिलं. मला वाटलं, ही नवी पद्धत असेल. मी गॉर्डीच्या घरची, मला काय कळतंय?

त्याच्या स्वतःच्या पुंगळ्या कातरलेल्या, एकसारख्या, आखूड. शेवटचा साचा त्यानं त्यांच्याच मापानं घट्ट लावला. हा साचा आमचे काठ आत मुडपतो, म्हणजे गोळी आमच्या तोंडात पक्की बसते, मागे सरकत नाही. त्याच्या पुंगळ्या सुरेख मुडपल्या गेल्या. माझी पाळी आली. काठ मुडपला, तरी दांडा खाली येतच राहिला. वाढलेली मान जाणार कुठे? ती खाली दबली आणि माझा खांदा बाहेर फुगला. फुगवटा केसभरच, पण ड्वेनला तो दिसला नाही.

शिकारीचा मोसम उघडायच्या आधीच्या शनिवारी मार्लिस नेम तपासायला वाळूच्या जुन्या खाणीत गेली. पहिले बार छान गेले. मग मी वर आले. तिनं रायफलीचा दांडा ओढला. मी अर्धी आत गेले आणि अडकले. दांडा मिटेना. तिच्या मनगटात जोर होता, अजून रेटलं असतं तर मी गेलेही असते, आणि पुढं काय झालं असतं ते मला सांगवत नाही.

तिनं रेटलं नाही. मला बाहेर काढलं, खांद्यावरून अंगठा फिरवला. मग ट्रकच्या मागच्या फळीवर तिनं उरलेली काडतुसं माझ्या शेजारी उभी केली. गोळ्यांची टोकं एका ओळीत होती. पितळेचे काठ मात्र कुणाचे वर, कुणाचे खाली. ती बघत राहिली, मग तिथेच फळीवर टेकून बसली.

परत जाताना ती गॉर्डीच्या दाराशी थांबली. तो काठी टेकत बाहेर आला.

“तुझं पितळ त्यानं न कातरता भरलंय,” ती म्हणाली.

“ड्वेननं? तो तर चहाचा चमचासुद्धा मोजून घेतो.”

“घ्यायचा.”

गॉर्डीनं मला हातात घेतलं आणि जरा वेळ थट्टा विसरला. “त्याला काही बोलू नकोस,” तो म्हणाला. “दुकानातलं काडतुसांचं खोकं आण, आणि तीच वापर.”

“रिकाम्या पुंगळ्या घरी गेल्यावर त्याच्याच हातात द्यायच्या असतात. अंधारातही ओळखेल तो, आपली कुठली आणि दुकानातली कुठली.”

“मग खरं सांग.”

“लांबचं दिसेना म्हणून उन्हाळ्यात ट्रकची किल्ली मी काढून घेतली त्याच्याकडून. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. आता त्याच्याकडे ते बाकडंच उरलंय, गॉर्डी. तेही मीच काढून घेऊ?”

गॉर्डीनं मला तिच्या हातात परत दिलं. मला फक्त एवढं कळत होतं, की न सांगावं तर तिचा डोळा जाणार आणि सांगावं तर त्याचं बाकडं. घरापर्यंतचा रस्ता तिनं फार हळू कापला.

ड्वेन तळघरात होता. ती जिना उतरून थेट बाकड्याशी गेली आणि मला त्याच्यापुढे उभं केलं.

“ही आत जाईना.”

त्यानं मला उचललं. त्याचा अंगठा माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच थांबला. एकदा बोट लागल्यावर त्याला सगळं समजलं.

“गॉर्डीचं पितळ,” तो म्हणाला.

“हो.”

“मोजलं होतं मी.”

“नव्हतं मोजलंस, ड्वेन.”

मग त्यानं व्हर्नियर तिच्याकडे सरकवलं. “आकडे धुरकट दिसतात. वसंतापासून. आधी वाटलं, चष्मा बदलावा लागेल. चष्माही बदलून झाला.”

“मग मला सांगायचं ना.”

“तुला सांगितलं असतं तर हेही गेलं असतं, किल्लीसारखं.”

“आणि माझं डोकं गेलं असतं तर?”

त्यानं मान खाली घातली. मला पहिल्यांदाच या घराची भीती वाटली. मार्लिस रडली नाही, ओरडलीही नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती त्याच्या शेजारी बसली. या बाकड्याशी दुसरं कुणी बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“हे कसं वाचायचं ते सांग,” ती म्हणाली.

“तुला नाही जमायचं. तुझं सगळं अंदाजपंचे.”

“शिकव तर.”

गोळी काढायच्या पोकळ हातोडीत घालून भरलेलं प्रत्येक काडतूस त्यांनी ठोकून ठोकून रिकामं केलं. मग मोजणी सुरू झाली. ती व्हर्नियर धरायची, तो यंत्राचा दांडा फिरवायचा.

“किती आहे?”

“जराशी लांब.”

“जराशी म्हणजे? भाजीत मीठ घालतेस का? आकडा सांग.”

ती आकडा सांगायची, तो कातरायचा, ती पुन्हा मोजायची. पितळेचा कीस बाकडाभर पसरला. “तू असा दर वेळी कुरकुरतोस?” तिनं विचारलं. “मनातल्या मनात,” तो म्हणाला. त्या दिवशी कॉफी दोघांनीही गरम प्यायली.

मी मात्र वाचले नाही. फुगलेला खांदा कातरून जात नाही. मोडीच्या बादलीत टाकायला ड्वेननं मला उचललं आणि का कोण जाणे, सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

मोसम उघडला त्या सकाळी मी त्याच खिशात होते. ट्रक मार्लिसनं चालवला. ओढ्याच्या वर बर्फ पडलं होतं. तिनं शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट चढवलं आणि दोघांनी मिळून पुन्हा भरलेली काडतुसं एकेक करून रायफलीत सरकवली. ड्वेननं तिच्यापुढे दुकानातलं बंद खोकं धरलं. तिच्या नकळत ते त्यानं गॉर्डीकडून मागवलं होतं.

“ही घे. तुझ्या जागी मी असतो तर हीच घेतली असती.”

“तू माझ्या जागी नाहीस,” ती म्हणाली आणि चढण चढू लागली.

तो ट्रकमध्ये बसून राहिला. त्याला टेकडी दिसत नव्हती, नुसतं पांढरं दिसत असणार. तो काच खाली करून ऐकत होता. माझ्या पितळेला त्याच्या छातीचे ठोके लागत होते. एक बार झाला. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. मग काहीच नाही, कितीतरी वेळ काहीच नाही. तेवढ्या वेळात तो तिचं नाव पुटपुटत होता, ऐकणारी मी एकटीच होते.

मग बर्फावर पावलं वाजली. मार्लिस आली, कोपरापर्यंत हात रक्तानं माखलेले, हरणाच्या. हिवाळ्याची सोय झाली होती. तिनं दारातून हात आत घातला आणि एक रिकामी पुंगळी त्याच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती मुठीत धरून आणली होती, म्हणून अजून कोमट होती. त्यानं तिच्या काठावरून, मानेवरून, खांद्यावरून अंगठा फिरवला. सगळं सरळ होतं.

“थोडी वाढली असेल,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर बघ किती ते.”

“आकड्यात सांगते,” ती म्हणाली.

घरी आल्यावर ड्वेननं मला खिशातून काढून मोडीच्या बादलीत टाकलं, आता मी तिथेच आहे. बादली भरली की आम्हाला वितळवतील. पुढे माझी नळाची तोटी होईल की एखाद्या दाराची कडी, ते बघायची मला फार उत्सुकता आहे. जाता जाता एकच सांगते. मी आत जात नव्हते, तेव्हा मार्लिसनं मला रेटलं नाही. बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि ज्यानं भरलं त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. त्याला वाईट वाटणार हे तिला ठाऊक होतं, तरी ठेवलं. तुमच्या घरात असं काही अडत असेल, तर तुम्हीही तेवढं करा.